मदत हवी आहे: हाँगकाँग डिस्नेलँडमधील विभागांवरची टोकाची टीका कितपत खरी मानावी?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेली आई असे चौघे छत्रपती संभाजीनगरहून मुंबईमार्गे हाँगकाँगला जाण्याचा विचार करीत आहोत. मुलीला डिस्नेलँड पाहायचे आहे. परंतु थीम पार्कच्या चाहत्यांचे लेखन वाचू लागल्यापासून एक दिवस ठेवावा की दोन, हेच ठरेनासे झाले आहे. म्हणून ज्यांनी हे उद्यान प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

2005 साली हे उद्यान सुरू झाले तेव्हा ते फारच लहान होते आणि अर्ध्या दिवसात पाहून संपते ही तक्रार रास्त होती. त्यानंतर 2011 मध्ये टॉय स्टोरी लँड, 2012 मध्ये ग्रिझली गल्च, 2013 मध्ये मिस्टिक पॉइंट आणि 2023 मध्ये वर्ल्ड ऑफ फ्रोझन अशा नव्या विभागांची भर पडत गेली, तरीही तेच वाक्य आजही जसेच्या तसे फिरवले जाते, हे मला पटत नाही.

टीकेची सर्वाधिक झोड उठते ती टॉय स्टोरी लँडवर. तिथे तीनच राइड आहेत आणि त्या 2010 साली पॅरिसच्या उद्यानात आलेल्या राइडसारख्याच आहेत, हे खरे आहे. स्लिंकी डॉग गोल फिरतो, पॅराशूट वर जाऊन खाली येते आणि आरसी रेसर इंग्रजी यू आकाराच्या रुळावर मागेपुढे झोके घेतो. जत्रेतल्या पाळण्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. पण या विभागाची मूळ कल्पना अशी की, पाहुणा स्वतःच खेळण्याएवढा लहान होऊन अंगणात उतरला आहे आणि गवताची पाती त्याच्या डोक्याच्याही वर गेली आहेत. आठ वर्षांच्या मुलीला त्या पात्यांखालून चालण्यात जे सुख मिळेल, त्याचा हिशेब या टीकेत कुठेच दिसत नाही. आमच्या शहरातल्या बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून नाक मुरडणारे पाहुणे आम्ही नेहमी पाहतो. ताजशेजारी ठेवला तर तो उणा पडतो हे मान्य, पण तेवढे बोलून माघारी फिरणाऱ्याच्या नजरेतून चुन्याच्या गिलाव्यातील नाजूक नक्षी सुटते ती सुटतेच.

वर्ल्ड ऑफ फ्रोझनबद्दलही तसेच. दोनच राइड, त्यांतली होडीची राइड 2016 साली फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्याच उद्यानात आधीच आलेली आणि घसरगाड्यांची रोलर कोस्टर फार लवकर संपणारी, असे आक्षेप आहेत. कोस्टर छोटी आहे, यात वाद नाही. मात्र तेवढ्यावरून अख्खा विभागच फसला असा निकाल देणे मला अन्यायाचे वाटते. उलट मिस्टिक पॉइंटमधील मिस्टिक मॅनर या राइडचे कौतुक टीकाकारही करतात. रुळांशिवाय धावणाऱ्या गाड्यांतून संगीतपेटी उघडून घोटाळा करणाऱ्या माकडाची गोष्ट दाखवणारी ही राइड जगातील दुसऱ्या कोणत्याही डिस्नेलँडमध्ये नाही.

माझी समजूत अशी की, वारंवार जाणारा चाहता दर वेळी काहीतरी नवे मागतो आणि प्रत्येक विभाग टोकियो डिस्नेसी या जपानमधील नावाजलेल्या डिस्ने उद्यानाच्या मापाने मोजतो. एकदाच जाणाऱ्या कुटुंबाला ते माप लावून चालणार नाही. तरीही सारीच टीका मोडीत काढावी असे मी म्हणत नाही, कारण तिच्यात उपयोगाच्या गोष्टीही दडलेल्या असतात आणि मला नेमक्या त्याच वेचून हव्या आहेत.

मुलीची उंची 116 सेंटिमीटर आहे. ग्रिझली गल्चच्या खाणगाडीला 112 लागते, ती जमेल. आरसी रेसरला 120 लागते, म्हणून ती आम्ही सोडून दिली आहे. आता प्रश्न असे, की फ्रोझनच्या त्या छोट्या कोस्टरसाठी दिवाळीच्या सुमारास रांग किती लांबते आणि तेवढे थांबणे मुलीच्या दृष्टीने सार्थकी लागते का? टॉय स्टोरी लँडमध्ये आईला सावलीत निवांत बसता येईल अशी जागा आहे का, की तिला मिस्टिक पॉइंटकडेच थांबवावे? शिवाय गुडघ्यांचा विचार करता चाकाची खुर्ची प्रवेशद्वारापाशीच घेतलेली बरी, की एका दिवसाचे चालणे दोन दिवसांत वाटून घेतलेले बरे?

आपण कधी गेला होतात आणि सोबत कोणत्या वयाची माणसे होती, हे उत्तरात आवर्जून लिहावे, ही विनंती.