पोप रोम सोडून अविन्योंला का राहिले, आणि तिघांपैकी खरा पोप कोणता?

मांजराकाठ (अंबाजोगाई) :
नमस्कार. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. महंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, हा भाग आमच्या मुलांना घरचाच वाटतो. त्याच वेळी युरोपात पोपही रोममध्ये नव्हते, ते ऱ्होन नदीकाठच्या अविन्यों शहरात राहत होते, असे सांगितले की वर्गातून हमखास प्रश्न येतो : सुलतान काही वर्षांतच परत फिरला, मग पोप जवळजवळ सत्तर वर्षे तिथे कसे राहिले? शिवाय १३७८ नंतर एकाच वेळी दोन आणि पुढे तीन पोप झाले, त्यांतला खरा कोणता हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदातीर (नांदेड) :
ताई, देवगिरीची तुलना काळ लक्षात राहण्यासाठी उत्तम आहे, पण ती फार ताणू नये. तुघलकाने फर्मान काढून राजधानी हलवली. पोपांनी मात्र रोम सोडण्याचा निर्णय असा कधी घेतलाच नाही, ते परत जाणे लांबणीवर टाकत राहिले. याची सुरुवात पोप बोनिफास आठवे आणि फ्रान्सचा राजा फिलिप चौथा यांच्या भांडणात आहे. धर्मगुरूंवर कर बसवण्याचा अधिकार राजाला आहे की नाही, यावरून ते पेटले. १३०२ मध्ये बोनिफास यांनी पोपची सत्ता सर्व राजांहून वरची असल्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी राजाच्या माणसांनी त्यांना अनान्यी या त्यांच्या जन्मगावी जाऊन कैद केले. गावकऱ्यांनी त्यांना सोडवले खरे, पण महिनाभरातच ते वारले. १३०५ मध्ये बोर्दोचे आर्चबिशप क्लेमेंट पाचवे या नावाने निवडून आले, त्यांचा राज्याभिषेक लियोंला झाला, आणि १३०९ पासून त्यांचा मुक्काम अविन्योंला पडला.

त्यांना धरून अविन्योंचे सगळे पोप फ्रेंच, ओळीने सात. त्यांनी बहुसंख्य कार्डिनलही (पोपची निवड करणारे वरिष्ठ धर्मगुरू) फ्रेंचच नेमले, आणि रोममध्ये तर सरदार घराण्यांच्या मारामाऱ्या थांबत नव्हत्या. मग परतायची घाई कोणाला असणार? क्लेमेंट सहावे यांनी १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून अविन्यों शहर ८०,००० फ्लोरिनला (सोन्याची नाणी) विकतच घेतले. मात्र हे पोप फ्रान्सच्या राजाच्या हातातली बाहुली होते, हे सरसकट विधान मला अन्यायाचे वाटते. अविन्योंची हिशेबव्यवस्था आणि न्यायालये त्या काळातील अत्यंत शिस्तबद्ध यंत्रणांपैकी होती.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर) :
वर्गात सांगण्यासारखा महाराष्ट्राचा एक धागा जोडतो. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेले डॉमिनिकन संन्यासी जॉर्डनस त्या वेळी बाहेरगावी असल्याने वाचले आणि त्यांनी सोबत्यांचे दफन केले. याच जॉर्डनस यांना पोप जॉन बाविसावे यांनी १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप नेमले, आणि ती नेमणूक रोमहून नव्हे, अविन्योंहून झाली. तुघलकाचा दरबार दौलताबादेत असतानाच भारतातले पहिले लॅटिन (रोमन परंपरेचे कॅथलिक) बिशपपद निर्माण होत होते. आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन व्हायला मात्र १९७७ साल उजाडावे लागले.

बिंदुसरा (बीड) :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. ग्रेगरी अकरावे जानेवारी १३७७ मध्ये रोमला परतले आणि पुढच्याच वर्षी वारले. निवडणुकीच्या वेळी आम्हाला रोमचा, निदान इटलीचा पोप हवा, असा गलका करीत लोकांनी राजवाड्याला वेढा घातला. कार्डिनलांनी बारीचे आर्चबिशप निवडले होते, पण ते रोमचे नव्हते. त्यामुळे जमाव आत घुसताच घाबरलेल्या कार्डिनलांनी तेबाल्देस्की या वृद्ध रोमन कार्डिनलांना पोपची वस्त्रे चढवून लोकांसमोर बसवले आणि स्वतः पळ काढला. खरे निवडून आलेले उर्बन सहावे अतिशय तापट निघाले. काही महिन्यांतच बहुसंख्य कार्डिनलांनी, आम्ही भीतीपोटी मत दिले म्हणून ती निवड रद्द, असे सांगून फोंदी येथे क्लेमेंट सातवे यांना निवडले, आणि ते अविन्योंला जाऊन राहिले.

सगळी अडचण इथेच आहे. दोघांनाही निवडणारे जवळजवळ तेच कार्डिनल होते, त्यामुळे भल्याभल्यांनाही निवाडा करता येईना. फ्रान्स आणि स्कॉटलंड अविन्योंकडे, तर इंग्लंड रोमकडे गेले. सिएनाच्या संत कॅथरिन उर्बन यांच्या बाजूने, संत व्हिन्सेंट फेरर अविन्योंच्या बाजूने! १४०९ मध्ये पिसाच्या धर्मपरिषदेने दोघांनाही पदच्युत करून तिसरा पोप निवडला. हटले कोणीच नाही.

तोडगा कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत निघाला. तिने पिसाच्या परंपरेतील जॉन तेविसावे यांना मे १४१५ मध्ये काढून टाकले. जुलैत रोमच्या ग्रेगरी बाराव्यांनी, परिषद आपल्या नावाने रीतसर बोलावल्याची नोंद करून घेऊन, राजीनामा दिला. अविन्योंचे बेनेडिक्ट तेरावे ऐकेनात म्हणून १४१७ मध्ये त्यांना पदच्युत केले, आणि ११ नोव्हेंबरला मार्टिन पाचवे निवडून आले. खरा कोण, याचा निकाल परिषदेने दिलाच नाही. तिने तिन्ही गाद्या रिकाम्या करून नवी निवड घडवली, आणि माझ्या मते त्यातच तिचे शहाणपण होते.

मांजराकाठ (अंबाजोगाई) :
मनःपूर्वक आभार. मग आजच्या अधिकृत यादीत रोमचीच परंपरा धरली जाते का?

बिंदुसरा (बीड) :
होय, व्हॅटिकनच्या यादीत उर्बन सहावे ते ग्रेगरी बारावे हीच साखळी आहे. तरीही पिसाच्या जॉन यांच्याबद्दल संदिग्धता पाचशेहून अधिक वर्षे रेंगाळली. १९५८ मध्ये निवडून आलेल्या कार्डिनल रोंकाल्ली यांनी जॉन तेविसावे हेच नाव आणि हाच क्रमांक घेतला, तेव्हा तो प्रश्न व्यवहारात मिटला. आणि २०१३ मध्ये बेनेडिक्ट सोळावे पायउतार झाले, तेव्हा राजीनामा देणारे आधीचे पोप म्हणून ज्यांचे नाव सगळीकडे आले, ते हेच ग्रेगरी बारावे.