पोलिस छाप्याच्या बातम्या मोजायच्या, की आधी गोकुळनगरला विचारायचं?

कृष्णाकाठ
पत्रकारितेच्या दोन विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांची इंटर्नशिप आखतोय. विषय: सांगली-मिरजेच्या दैनिकांत देहविक्रीच्या बातम्या कशा छापून येतात. माझं मत स्पष्ट आहे. मुलांनी फक्त छापील मजकूर तपासावा, गोकुळनगरात, म्हणजे सांगलीतल्या देहविक्रीच्या वस्तीत, जाऊ नये. सहा आठवड्यांत ओळख होत नाही, नुसत्या चौकशा होतात. चार दैनिकं, एक वर्ष, नमुना म्हणून दोन 'रचित आठवडे', म्हणजे वर्षभरातले कुठलेही दोन सोमवार, दोन मंगळवार असे दैनिकामागे 14 अंक. बोला.

कात्रणवही
रचित आठवडा इथं फसणार. राजकारण, शेती अशा रोजच्या विषयांना तो ठीक. पोलिसांच्या छाप्याची बातमी कधीतरी येते. 14 अंकांत एकही सापडणार नाही, नाहीतर एकाच छाप्याच्या चार बातम्या सापडतील आणि त्यावर अख्ख्या वर्षाचा निष्कर्ष निघेल. त्यापेक्षा दोन दैनिकं, सलग तीन महिने, सगळे अंक. सुमारे 180 होतात. जिल्ह्याची पानं चाळायला अंकाला 15 मिनिटं धरली तरी 45 तास.

शोधखिडकीवर विसंबू नका. बरेच ई-पेपर म्हणजे पानाचे फोटो, जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. शिवाय नुसतं 'वेश्या' शोधलं तर 'कुंटणखाना', 'देहव्यापार', 'अनैतिक व्यवसाय', 'सेक्स रॅकेट', 'लॉजवर छापा' हे सगळं निसटतं. जुने अंक हवे असतील तर ग्रंथालयात आधी चौकशी करा. 2019च्या महापुरात नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं.

मिरज डेस्क
म्हणजे पुन्हा बातमीदारच आरोपी! पोलिसांची प्रेसनोट येते संध्याकाळी. बनावट ग्राहक, पंच, मुद्देमाल, 'पिटा'ची (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याची) कलमं 3, 4, 5, 'पीडित महिलांची सुटका', सगळं तयार. पान सोडायला तासभर. म्हणून चारही पेपरांत तीच वाक्यं. ती तुम्ही चार पत्रकारांचे पूर्वग्रह म्हणून मोजणार?

कृष्णाकाठ
नाही. बातम्या नोंदवायच्या तक्त्यात घटना क्रमांक वेगळा आणि बातमी क्रमांक वेगळा, म्हणजे एका छाप्याच्या चार बातम्या असल्या तरी घटना एकच. माहिती कुणाकडून आली त्याचाही रकाना आहे. पण प्रेसनोटमध्ये असलं म्हणून छापायचं, हे पटत नाही. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सांगितलं की छापा, अटक किंवा सुटकेच्या बातमीत बाईची ओळख उघड होता कामा नये, मग ती पीडित असो वा आरोपी. चेहरा पुसायचा आणि वय, गाव, लॉजचं नाव छापायचं! तालुक्याच्या गावात एवढ्यावर कुणीही ओळखतं.

माणदेशी
सर, घरात बसून कोडिंग, म्हणजे बातम्यांची रकान्यांत वर्गवारी, केलंत तर चुकणारच. 'वेश्या' शब्दाला तुम्ही 'अपमानकारक' असा शिक्का मारणार. सांगलीत 1996 साली धंदा करणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. शब्द कोण कुणासाठी वापरतंय ते बघायला नको?

उलट 'पीडित', 'सुटका' हे शब्द सभ्य म्हणून सुटतील. सज्ञान बाई म्हणाली, मी माझ्या मर्जीने आहे, तरी 'पिटा'च्या कलम 17 खाली तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन तरुणींना सोडायला सांगितलं. स्वतः देहविक्री करणं हा या कायद्याने गुन्हा नाही, हेही त्याच निकालात आहे. बातमी मात्र सुटकेपाशी संपते. पुढे ती कुठं आहे, याचा रकाना तुमच्या तक्त्यात आहे का?

कृष्णाकाठ
नव्हता. 'पाठपुरावा' रकाना घातला. ताई, तक्ता संघटनेला आधी दाखवायला माझी ना नाही. मुलाखती मात्र नाहीत.

माणदेशी
दाखवणं आणि विचारणं यात फरक आहे. तक्ता पक्का करून सही मागायला जाऊ नका. कच्चा असताना न्या, एक दुपार काढा, त्यांनी रकाने खोडले तर खोडू द्या. तेवढं जमत नसेल तर विषय बदला.

मिरज डेस्क
आणि प्रेसनोट लिहिणाऱ्यांना कोण विचारणार? चार बातम्यांशेजारी मूळ प्रेसनोट ठेवा, बातमीदाराने काय घातलं, काय गाळलं ते दिसेल. तेवढ्यावर आमच्यावर टीका करा, चालेल.

कात्रणवही
हे मात्र खरंय, जमेल तेवढ्या प्रेसनोट मिळवा. अजून दोन गोष्टी. दोघा मुलांना सुरुवातीलाच त्याच 20 बातम्या वेगवेगळ्या कोड करायला द्या. 'सूर' या रकान्यात हमखास जुळत नाही. 'सूर नकारात्मक' असं मोघम न ठेवता 'दोष कुणाला दिला' असं विचारलं की फरक कमी होतो. आणि अहवालात मथळे जसेच्या तसे उतरवू नका. मथळा शोधला की बातमी सापडते, बातमीत बाई सापडते. न्यायालयाने पेपरांना जे सांगितलं तेच मग इंटर्नशिपच्या अहवालाने मोडायचं का? मूळ तक्त्यात नाव, गाव, लॉज लिहूच नका. 'ओळख पटण्याजोगा तपशील: आहे/नाही' एवढंच.