कॅरमेलमधली केळी: साखर दाणेदार का होते?

कॅरमेल करताना साखर वितळता वितळता पुन्हा दाणेदार झाली, तर त्याचं कारण बहुतेक वेळा सतत ढवळणं. कडेला चिकटलेले कण पाकात परत पडले की त्यांच्याभोवती बाकीची साखर गोठत जाते.

60 ग्रॅम साखर, 2 मोठे चमचे पाणी आणि लिंबाचे 4-5 थेंब जाड बुडाच्या स्टीलच्या पॅनमध्ये मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत काय ते ढवळा, मग चमचा बाजूला. फक्त पॅन गोल फिरवायचा. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही, म्हणून स्टील. गडद मधासारखा रंग आला की लगेच गॅस बंद, कारण तापलेल्या पॅनमध्ये रंग पुढे चढतच राहतो. धूर निघाला तर कॅरमेल कडू झालंच, ते वाचवायच्या फंदात पडू नका.

आता 25 ग्रॅम लोणी आणि 60 मिली कोमट क्रीम, थोडं थोडं. फसफसतं, हात लांब ठेवा. फ्रीजमधलं गार क्रीम ओतलं की कॅरमेलचा दगड होतो (झालाच तर मंद आचेवर ढवळत राहा, विरघळतो). चिमूटभर मीठ हवंच, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं.

केळी शेवटी. 3 पुरेत, पिवळी पण घट्ट, बोटभर जाडीचे तिरके काप. एका बाजूने 1 मिनिट, उलटून अर्धं मिनिट, बस्स. काळे ठिपके पडलेल्या केळ्यांचा लगदाच होणार, ती शिकरणाला ठेवा.

अननस वापरणार असाल तर फोडी आधी कोरड्याच परतून पाणी आटवा आणि क्रीम वगळा.