योगायोगाने लागलेले शोध आणि बदलत्या हवामानाचे विज्ञान: मुलांना कसे सांगावे?

प्रश्न: सातारची शिक्षिका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी आमच्या विज्ञान मंडळाने ‘योगायोगाने लागलेले शोध’ हा विषय घेतला आहे. पेनिसिलीन आणि क्ष-किरण यांच्या कथा मुलांनी अनेकदा ऐकलेल्या असल्यामुळे या वर्षी हवामानबदलाच्या अभ्यासातील उदाहरणे घ्यावीत असे मला वाटते. क्लोद लोरियुस या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पेल्यात टाकलेल्या अंटार्क्टिकातील बर्फातून बुडबुडे निघाले आणि त्यावरून प्राचीन हवेचा अभ्यास सुरू झाला, अशी एक गोष्ट माझ्या वाचनात आली. ती खरी आहे का?

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. तिने विचारले, “हे सगळे सहज हाती लागलेले असेल, तर पृथ्वी माणसामुळे तापत आहे यावर आम्ही विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?” प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि त्याला पुराव्यानिशी उत्तर मिळावे अशी माझी इच्छा आहे.

उत्तर १: हिमरेषा

मॅडम, गोष्ट खरी आहे. लोरियुस यांनी स्वतःच ती सांगितलेली आहे. १९६५ साली अंटार्क्टिकाच्या आदेली भूमीवर बर्फ खोदण्याचे काम आटोपल्यावर संध्याकाळी त्यांनी खोलवरून काढलेल्या बर्फाचे तुकडे व्हिस्कीच्या पेल्यात टाकले. बर्फ वितळू लागला तसे त्यातून हवेचे बुडबुडे फुटू लागले, आणि ही कोंडलेली हवा म्हणजे फार पूर्वीच्या वातावरणाचा नमुना असणार, असे त्यांच्या मनात आले. मात्र ही गोष्ट एवढीच सांगितली तर मुलांचा गैरसमज होईल, म्हणून तिच्या मागचे आणि पुढचे थोडे विस्ताराने लिहितो.

मागचे असे की लोरियुस त्या संध्याकाळी अचानक बर्फाकडे वळलेले नव्हते. १९५७ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातील शार्को या लहानशा केंद्रावर जवळजवळ वर्षभर मुक्काम केला होता, आणि बर्फातील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या व जड अणूंवरून) हिम पडतानाचे तापमान कसे ओळखावे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला होता. या पद्धतीचा पाया विली दान्सगार्ड यांनी घातला होता. त्यांनी जून १९५२ मध्ये कोपनहेगनमधील आपल्या बागेत बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवून पाऊस गोळा केला आणि पावसाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतील पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण ढगांच्या तापमानानुसार बदलते असे दाखवले. बर्फातील बुडबुडेही आधी कोणी पाहिले नव्हते असे नाही. पेर शोलंडर यांच्या गटाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ग्रीनलंडच्या हिमनगांतील बुडबुड्यांतला वायू तपासला होता. म्हणजे त्या पेल्यातील बुडबुडे पाहणारी नजर आधीच तयार झालेली होती.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्या संध्याकाळनंतर विश्वासार्ह आकडा हाती यायला सुमारे पंधरा वर्षे लागली. बर्फ वितळवून वायू मोजला तर पाण्यात विरघळणाऱ्या वायूमुळे आणि बर्फातील धुळीत असलेल्या कार्बोनेटमुळे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण चुकीचे निघते. त्यामुळे निर्वात पात्रात बर्फ न वितळवता, कोरडाच चुरडून आतली हवा बाहेर काढण्याची पद्धत बसवावी लागली. आणखी एक अडचण होती. हिमाचे थर दाबले जाऊन त्यांतील पोकळ्या पुरत्या बंद व्हायला साठ-सत्तर ते शंभर मीटरपर्यंतची खोली लागते, आणि तोवर वरची हवा आत-बाहेर करतच असते. म्हणून बुडबुड्यातील हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. जिथे हिम फार कमी पडते तिथे हा फरक काही हजार वर्षांचाही भरतो. तो हिशेबात धरल्याशिवाय तापमान आणि वायू यांची सांगड घालता येत नाही.

त्यानंतर अंटार्क्टिकातील वोस्तोकचे काम झाले. २१ जुलै १९८३ रोजी जिथे उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेच हे सोव्हिएत केंद्र. शीतयुद्ध चालू असताना सोव्हिएत तंत्रज्ञांनी खोदलेला बर्फ अमेरिकी विमानांनी बाहेर आला आणि फ्रान्समधील ग्रेनोब्लच्या प्रयोगशाळेत तपासला गेला, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. १९८७ मध्ये १,६०,००० वर्षांचा आलेख प्रसिद्ध झाला, १९९९ मध्ये तो ४,२०,००० वर्षांपर्यंत गेला, आणि पुढे युरोपीय देशांच्या ‘एपिका’ प्रकल्पाने तो ८,००,००० वर्षांपर्यंत नेला. या साऱ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दर दशलक्ष भागांमागे साधारण १७० ते ३०० भाग यांच्या दरम्यानच खालीवर होत राहिले. आज ते ४२० भागांच्या वर आहे.

आता आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न. बर्फातील हवा खरोखर जुन्या वातावरणाचे प्रमाण दाखवते का, हे पडताळून पाहता येते आणि ते पाहिले गेले आहे. अंटार्क्टिकातील लॉ डोम येथे हिमवर्षाव भरपूर होत असल्यामुळे तिथल्या बर्फात १९७८ पर्यंतची हवा सापडते, आणि चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून सुरू केलेल्या थेट मोजणीशी तिचे आकडे जुळतात. हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर त्यांनी घेतलेली पहिली नोंद ३१३ भागांची होती. वाढलेला कार्बन जीवाश्म इंधनांचाच आहे, हे हवेतील कार्बनच्या समस्थानिकांवरून कळते. कार्बन-१४ हे कार्बनचे काळानुसार नष्ट होत जाणारे किरणोत्सारी रूप. कोट्यवधी वर्षे पुरून राहिलेल्या कोळशात ते उरलेले नसते, त्यामुळे तो जळू लागला तसे हवेतील कार्बन-१४चे प्रमाण पातळ होत गेले. हान्स झ्यूस यांनी १९५५ मध्येच ते झाडांच्या वाढवलयांत मोजून दाखवले होते. तिला सांगावे की कल्पना कुठे सुचली यावर तिचा खरेपणा ठरत नाही. तो या पडताळ्यांवर ठरतो.

उत्तर २: पर्जन्यछाया

हिमरेषा यांनी बर्फाचे काम फार नेटके मांडले आहे. मी एक उदाहरण सुचवतो, जे आपल्या पावसाशी थेट जोडलेले आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची, म्हणजे हे संकट जणू त्याच्या जन्माबरोबरच आले. हिमालयातील हिमाच्छादनावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न हेन्री ब्लॅनफर्ड यांनी केला, पण १८९९च्या अवर्षणाचा अंदाज विभागाला देता आला नाही. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञांनी विभागाची सूत्रे घेतली आणि जगभरच्या केंद्रांवरील हवेचा दाब, तापमान व पाऊस यांच्या नोंदींचे परस्परसंबंध काढण्याचे प्रचंड काम भारतीय गणनिकांच्या मदतीने हाती घेतले. संगणक नव्हते, सारे आकडे हाताने मांडलेले.

भारतातील पावसाचे भाकीत करणारे सूत्र शोधताना त्यांना सापडली ती पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांच्यामधील दाबाची आलटूनपालटून होणारी चढउतार, जिला त्यांनी १९२४च्या सुमारास ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. ज्या कामासाठी ते बसले होते ते, म्हणजे मान्सूनचा भरवशाचा अंदाज, त्यांना फारसे साधले नाही. त्या आंदोलनाचे महत्त्व जगाला कळायला १९६९ उजाडावे लागले. त्या वर्षी याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले की हे आंदोलन आणि पेरूच्या किनाऱ्यावरील एल निनो (दर काही वर्षांनी तिथले समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत. याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. एका प्रश्नासाठी इमानाने जमवलेल्या नोंदी दुसऱ्याच प्रश्नाच्या उपयोगी पडल्या, आणि विज्ञानात हे वारंवार घडते.

गोष्ट तिथेही संपली नाही. एल निनो असला की आपला पाऊस सहसा घटतो, पण १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, आणि २००२ मध्ये एल निनो मध्यम असताना पाऊस ८१ टक्क्यांवर आला. या विसंगतीचा एक भाग हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तापमानाच्या फरकात दडलेला आहे. हा ‘हिंदी महासागरी द्विध्रुव’ १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी मांडला. त्यांपैकी गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे संचालक झाले. पुणे मुलांना जवळचे असल्याने हा धागा त्यांना आपला वाटेल.

सातारची शिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांचा संगणकावरचा प्रसंगही मला घ्यायचा आहे, पण तो ऐकल्यावर कोणीतरी नक्की विचारेल की दोन आठवड्यांपुढचे हवामान सांगता येत नसेल, तर २१०० सालाविषयी बोलण्याचा अधिकार शास्त्रज्ञांना कोणी दिला?

उत्तर ३: अंकगणिती

हा प्रश्न टाळू नये, उलट मुद्दाम विचारून घ्यावा. १९६१ मध्ये लोरेन्झ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बारा चलांचे (बदलत्या राशींचे) हवामानाचे एक सोपे गणिती प्रतिमान संगणकावर चालवत होते. आधीची एक गणना मधूनच पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. यंत्राच्या स्मृतीत मात्र तो ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकाने थोड्याच वेळात दोन गणना पार वेगळ्या दिशांना गेल्या. प्रथम त्यांना यंत्र बिघडल्याचा संशय आला. तो दूर झाल्यावर त्यांनी कारणाचा पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

त्यातून सिद्ध होते ते एवढेच की आरंभीची स्थिती अचूक ठाऊक नसेल, तर ठरावीक दिवसाचे हवामान फार आधी सांगता येणार नाही. दीर्घकालीन हवामानाचा प्रश्न वेगळा आहे. पुढल्या वर्षी १७ मे रोजी नागपुरात किती अंश तापमान असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही, पण तिथला मे महिना जानेवारीपेक्षा उष्ण असेल हे शपथेवर सांगता येते, कारण ते सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेवर ठरते. हरितगृह वायू वाढले की पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा ताळेबंद बदलतो, आणि सरासरी किती सरकेल याचा अंदाज त्या ताळेबंदावरून बांधला जातो. स्वान्ते आर्‍हेनियस यांनी असा हिशेब १८९६ मध्येच कागदावर केला होता. त्यांना खरे तर हिमयुगांचे कारण शोधायचे होते.

उत्तर ४: हिमरेषा

आणखी एक उदाहरण जोडतो, कारण ते अगदी अलीकडचे आहे. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर १९६६ मध्ये १,३८७ मीटर बर्फ भेदून तळाची साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेली मातीही वर काढली गेली होती. तेव्हा साऱ्यांचे लक्ष बर्फाकडे होते. दान्सगार्ड यांनी त्यावरूनच १९६९ मध्ये एक लाख वर्षांचा आलेख मांडला. माती मात्र एका शीतगृहातून दुसऱ्या शीतगृहात जात राहिली आणि २०१७ मध्ये कोपनहेगनमध्ये काचेच्या बरण्यांतून पुन्हा सापडली. ती धुऊन पाहताना त्यात डहाळ्या, पाने आणि शेवाळाचे अवशेष दिसले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या मातीवर शेवटचा सूर्यप्रकाश सुमारे ४,१६,००० वर्षांपूर्वी पडला होता, म्हणजे त्या काळी तिथे बर्फ नव्हता. तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जवळपास २८० भाग होते. त्या वेळी पृथ्वी हजारो वर्षे उबदार राहिली होती, त्यामुळे आजची थेट तुलना करताना काळजी घ्यावी. तरीही ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळल्यास समुद्राची पातळी सुमारे ७ मीटर वाढेल, आणि हा बर्फ आपण समजत होतो तितका अढळ नाही, हे त्या बरण्यांनी दाखवून दिले आहे. वेळ कमी असेल तर लोरियुस आणि कॅम्प सेंच्युरी ही दोनच उदाहरणे घ्यावीत आणि आलेख फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्यावा. आकडे मी वर दिलेलेच वापरता येतील.