रेकॉर्डर आणि रीपर जोडीनं चालेनात, ९ मिनिटांच्या भजनात शेवटाला सगळं घसरतंय

विश्रामबागकर (सांगली):
नमस्कार मंडळी. घरातच एक छोटी खोली आहे, धंदा नाही, हौस. तासगावकडच्या एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग देवळात जाऊन केलं. २४ ट्रॅकवालं डिजिटल रेकॉर्डर आहे (ब्रँड मुद्दाम टाकत नाही, मागच्या वेळी त्यावरूनच भांडणं झाली), एकावेळी ८ माईक घेतं. पखवाजाला २, पेटी, टाळ, बुवा आणि बाकी कोरस. आता त्याखाली थोडा बेस आणि स्ट्रिंग्ज घालायच्यात, त्या मी रीपरमध्ये (कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) करतोय. रेकॉर्डरचा मिडी आउट (मिडीतनं आवाज जात नाही, नुसत्या सूचना जातात) यूएसबी मिडी केबलनं कॉम्प्युटरला लावलाय आणि मिडी क्लॉक पाठवतोय. पण टेम्पो आपला १२० वर ठाम आणि बुवा कुठल्या कुठं. बारच्या रेघा एकीकडं, पखवाजाची सम दुसरीकडं. बरं ते सोडून नुसतं कानानं स्ट्रिंग्ज वाजवून त्याचा ऑडिओ करून ठेवला, तर सुरुवातीला बरोबर वाटतं आणि शेवटी गजर येईपर्यंत किंचित मागं पडलेलं असतं. दोन रविवार गेले यात. कुणी केलंय का हे?

वाईचा_तबलजी:
भाऊ एवढा उपद्व्याप कशाला, रेकॉर्डरमधून सगळ्या वेव्ह फाइल कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथंच मिक्स करा. सिंकची भानगडच संपली.

विश्रामबागकर:
ते मला पण कळतंय हो दादा. पण माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे, २० ट्रॅक लावले की खोकायला लागतो. आणि बुवांना शेजारी बसून स्वतःच्या हातानं फेडर (आवाजाची सरकपट्टी) वरखाली करायचा असतो, माऊस बघितला की ते उठून चहाला जातात. त्यामुळं मिक्स रेकॉर्डरवरच.

तंबोरा_मिरज:
भावा तुझ्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे, तू एकाच बाटलीतनं घेतोयस.
पहिली टेम्पोची. मिडी क्लॉक म्हणजे एका मात्रेला, म्हणजे क्वार्टर नोटला, २४ टिकटिक, बास. त्याला मिनिट-सेकंद काही कळत नाही. आणि ही टिकटिक रेकॉर्डर कशावरनं काढतो, तर त्याच्या आत भरलेल्या टेम्पोवरनं, तो तू बदलला नसशील म्हणून १२०. तुझा पखवाज तो ऐकतच नाही. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून गाणं घेतलं असतं तर क्लॉक चाललाच असता, पण भजनी मंडळाला कानात क्लिक देऊन बघ काय होतंय ते. भजन ठाय लयीत सुरू होतं आणि गजराला दुप्पट, तेच तर भजन आहे.
म्हणून क्लॉक बंद कर आणि एमटीसी, म्हणजे मिडी टाइमकोड पाठव. तो मात्रा सांगत नाही, घड्याळ सांगतो, तास मिनिट सेकंद फ्रेम. फ्रेम रेट दोन्हीकडं एकच ठेव, २५ ठेव, आपल्याकडं व्हिडिओला पण तोच लागतो. रीपरमध्ये प्ले बटणावर राइट क्लिक केलं की एक्स्टर्नल टाइमकोडचं सेटिंग उघडतं, तिथं तुझा मिडी इनपुट निवड आणि चालू कर. टाइमकोडचा एक पूर्ण आकडा ८ तुकड्यांत येतो आणि त्याला २ फ्रेम लागतात, शिवाय सॉफ्टवेअर थोडा वेळ खात्री करून मगच पळायला लागतं, त्यामुळं गाण्याच्या आधी काही सेकंद मोकळे पाहिजेत. शून्य सेकंदाला पहिला सूर असेल तर तो हुकणारच.
आता लय. पखवाजाचा एकच ट्रॅक कॉम्प्युटरवर घे, अगदी शून्यापासून, आणि सम ते सम सिलेक्ट करून त्याचा मेजर, म्हणजे बार, बनवत जा (इन्सर्ट मेनूत टाइम सिलेक्शनवरनं मेजर बनवायची सोय आहे). भजनी ठेका ८ मात्रांचा, एक आवर्तन म्हणजे चार-चारचे दोन बार धर. प्रत्येक आवर्तनाला नको, लय सरकते तिथं कर. कंटाळवाणं काम आहे, ९ मिनिटांना माझी तरी अख्खी दुपार जाईल, पण एकदा केलं की बेस समेवर पडतो.

विश्रामबागकर:
दादा दंडवत. एमटीसी लागला, आधी लागत नव्हता कारण त्या केबलवर इन लिहिलेलं टोक मी रेकॉर्डरच्या आउटला लावलं पाहिजे का इनला हेच कळत नव्हतं, उलटं करून बघितलं तर दिवा लुकलुकला. सुरुवातीला मोकळी जागा नव्हती पण आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी खोकणं आणि "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल" आहे, तेवढ्यात रीपर पकडतो. मिडीवर वाजणारा बेस आता शेवटपर्यंत बरोबर. पण स्ट्रिंग्जचा जो ऑडिओ करून ठेवलाय तो अजून मागंच पडतो. हे कसं काय?

कृष्णाकाठ_सातारा:
ही दुसरी तक्रार. टाइमकोड नुसता "आपण कुठं आहोत" सांगतो. ऑडिओ एकदा पळायला लागला की तो साउंड कार्डच्या आतल्या क्रिस्टलच्या चालीनं पळतो आणि रेकॉर्डर स्वतःच्या. दोन मनगटी घड्याळं कधी तंतोतंत जुळतात का. दोघांत दहा लाखाला ५० इतका फरक धरला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद, ९ मिनिटांना २७. टाळासारख्या टोकदार आवाजाशेजारी तेवढं कानाला कळतं.
उपाय केबल एकच. रेकॉर्डरला मागं डिजिटल आउट, एस-पीडीआयएफ, असेल तर तो साउंड कार्डच्या डिजिटल इनला लावा आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये क्लॉक इंटर्नलवरनं एक्स्टर्नल करा. मग कार्ड रेकॉर्डरच्या ठोक्यावर चालतं. ठिकाण एमटीसीनं, चाल एस-पीडीआयएफनं, दोन्ही लागतात.
तुम्हाला निदान ट्रॅक तरी वाया घालवावा लागत नाही. आम्ही ८ ट्रॅकच्या टेपवर काम करायचो तेव्हा आठव्यावर टाइमकोडचा किरकिराट भरून ठेवायचो, आणि तो शेजारी झिरपतो म्हणून सातव्यावर काही नाजूक घ्यायची सोय नाही. म्हणजे उरले ६. सातारच्या पोरांना हे सांगितलं की हसतात.

विश्रामबागकर:
केबल आणली, लावली, आणि घोटाळा. घसरणं थांबलं पण कॉम्प्युटरचं सगळं चढ्या सुरात वाजायला लागलं. भजन काळी दोनमध्ये आहे, स्ट्रिंग्ज पांढरी तीन आणि चारच्या मधे कुठंतरी लटकल्यात. बुवा म्हणाले हे काय मांजर घातलंयस.

तंबोरा_मिरज:
हाहाहा. रेकॉर्डरवर गाणं ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आहे आणि रीपरचा प्रोजेक्ट ४४.१ ला, बरोबर ना? तू कार्डाला बाहेरनं ४८ नं हाकतोयस आणि रीपरला वाटतंय ४४.१. तेवढ्यानं सूर साधारण दीड पट्टी चढतो, काळी दोनचं नेमकं तिथंच जाऊन बसतं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ४८ कर आणि स्ट्रिंग्जचा ऑडिओ परत काढ.

विश्रामबागकर:
तेच होतं. ४८ केलं, परत काढला, काल रात्री गजरापर्यंत सलग तीनदा वाजवून बघितलं, हलत नाही. बुवांनी फेडर धरला तो साडेअकरापर्यंत सोडला नाही. आता टाळ फार टोचतोय म्हणतात, त्याला वेगळा धागा काढतो.