शिडाच्या गाड्यांची शर्यत: क्षेत्रफळ ठरवून द्या, बाकी मोकळं सोडा?

वारेमाप:
वाळूवर आणि कोरड्या तळ्यांवर धावणाऱ्या शिडाच्या गाड्या, म्हणजे लँड यॉट, यांच्याबद्दल बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इव्हानपाच्या कोरड्या तळ्यावर रिचर्ड जेंकिन्सच्या ग्रीनबर्ड या गाडीने ताशी २०३ किमी गाठले. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर तळ्यावर ग्लेन ॲशबीने होरोनुकू ही गाडी २२२ च्या वर नेली, तीही साधारण २२ नॉट (ताशी सुमारे ४१ किमी) वाऱ्यात. वाऱ्याच्या पाचपटीहून जास्त वेग! दोन्ही गाड्यांवर कापडी शीड नव्हतं, विमानासारखा ताठ पंख उभा केला होता. आणि शर्यतींत बघावं तर अजून कापडच फडफडतंय.

फिस्ली ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६२ पासून आहे, वर्ग आखून दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे साहित्य चालेल, ते चालणार नाही, हा आकार असाच हवा, हे कशासाठी? शिडाचं क्षेत्रफळ, गाडीची लांबी-रुंदी आणि किमान वजन ठरवून द्या. त्याच्या आत कुणी कार्बन वापरो नाहीतर बांबू. मत सांगा.

खडूस_पंच:
असहमत. विक्रमाच्या गाडीला एकच काम असतं. हवा तसा वारा सुटेपर्यंत थांबायचं आणि एकदा सुसाट जायचं. होरोनुकूच्या चमूला तळं सुकायचीच वाट बघत बसावं लागलं होतं. शर्यतीत वारा येईल तो घ्यावा लागतो, खुणेला वळसा मारावा लागतो आणि वळताना शेजारच्याला जागाही द्यावी लागते.

"फक्त क्षेत्रफळ" हे बोलायला सोपं आहे. शीड मोजताना बघितलंय का? जमिनीवर पसरायचं, हाताने सुरकुत्या काढायच्या, शिडातल्या ताठ पट्ट्या ताणून बसवायच्या, मग टेप. फिस्लीच्या तिसऱ्या वर्गाची शिडाची मर्यादा ७.३५ चौरस मीटर आहे आणि ती डोलकाठी धरून आहे. काठी का धरायची? कारण नुसतं कापड मोजलं तर काठीच पंखासारखी रुंद करून फुकटचं शीड मिळवता येतं. एक पळवाट बुजवली की लोक दुसरी शोधतात, त्यांना दोष नाही.

आणि इथे दुसरी पळवाट कुठे आहे तेही सांगतो. गाडी वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जायला लागली की चालकाला वारा जवळपास समोरूनच लागतो. होरोनुकूच्या वेगाला तो मार्गापासून जेमतेम दहा अंशांवर असणार. अशा वेळी आणखी शीड लावून काही मिळत नाही. हवेचा रोध आणि चाकांचा रोध कमी करूनच वेग वाढतो. म्हणजे तुम्ही क्षेत्रफळ बांधून घातलंत की सगळा पैसा गाडीच्या अंगावर जाणार. चालकाला आडवं झोपवा, वरून कवच चढवा, चाकांचा आस गुळगुळीत करा, काठीच्या तारा लपवा. त्यात शीड कुठे आलं?

निवांत:
पंचांना +१. ज्याच्याकडे कार्बन त्याच्याकडे चषक. बघायला येणार कोण?

सुतारपक्षी:
निवांत, मग सगळ्यांना एकसारखी गाडी द्या आणि मोकळे व्हा. वन-डिझाइन! फक्त त्यात आमच्यासारख्यांनी काय करायचं, जे शर्यतीपेक्षा शेडमध्ये जास्त रमतात?

मला ५.६० चा छोटा वर्ग सगळ्यात शहाणा वाटतो. चाकांच्या बाहेरून ५.६० मीटरचा घेर, गाडी त्यात बसली पाहिजे. मोठं शीड लावायची हौस आहे? लावा. एवढ्या आखूड पायावर जरा जोराचा वारा आला की गाडी आपली आपण आडवी होईल. नियमाने हात धरायची गरजच नाही, ते काम वारा करतो. मला असले नियम आवडतात, एक माप द्यायचं आणि बाकीचं भौतिकशास्त्रावर सोपवायचं. वारेमाप, तुमची यादी तीन मापांची आहे, मला एकच पुरेल.

वारेमाप:
सुतारपक्षी, तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात की!

पंच, पैशाचं भूत दरवेळी उभं करता म्हणून एक उदाहरण देतो. बर्फावर पात्यांवरून घसरणाऱ्या शिडाच्या गाड्यांचा डीएन वर्ग. १९३७ मध्ये डेट्रॉइट न्यूजच्या सुतारशाळेत जन्मलेली गाडी, शीड ६० चौरस फूट. अशा जुन्या, काटेकोर वर्गातसुद्धा पुढे फायबरग्लासची वाकणारी डोलकाठी आली. झुळूक वाढली की काठी वाकते, शीड सपाट होतं, चालकाला श्वास घ्यायला जागा मिळते. वर्ग बुडाला का? आजही तो धावतोय. बदल नाकारला असता तर लोक निघून गेले असते.

खडूस_पंच:
तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. डीएनने काठी बदलू दिली, पण शिडाचं क्षेत्रफळ आणि गाडीचा आराखडा जागेवर ठेवला. एका वेळी एकच दार उघडलं. तुम्ही सगळी दारं एकदम उघडा म्हणताय.

ताठ पंखाची एक अडचण कुणी बोलतच नाही. कापडी शीड वारा चढला की खाली घेता येतं, गुंडाळून पिशवीत घालता येतं. पंख खाली घेता येत नाही. गाडी उभी असतानाही तो वारा पकडतो. वाऱ्याची दिशा फिरली की कुणीतरी त्याला धरून उभं राहायला हवं. सुरुवातीच्या रेषेवर अशा वीस गाड्या आणि मध्येच वाळवंटी वावटळ, हे चित्र मला नको. ग्रीनबर्डच्या मागे चमू होता. शनिवारी एकट्याने गाडी जोडणाऱ्याच्या मागे कोण असतं?

घडीची_गाडी:
ब्लोकार्टवाल्यांनी याचं उत्तर कधीच काढलंय. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या पॉल बेकेटने बनवलेली घडी होणारी गाडी. प्रॉडक्शन गटात कंपनीतून येते तशीच चालवायची. परफॉर्मन्स गटात कार्बनची काठी, वरचं कवच वगैरे चालतं. वर चालकांचे वजनानुसार गट. भांडण मिटलं.

निवांत:
मिटलं कसलं, वाटलं. दहा गाड्या जमतात तिथे चार गट केलेत तर शर्यत कुणाशी लावणार?

खडूस_पंच:
हेच. मोठ्या स्पर्धेत गट परवडतात, क्लबात नाही. मला विचाराल तर नव्या वस्तूला एक हंगाम बिनगुणांचं धावू द्या, सगळ्यांसोबत, त्याच रेषेवरून. वेळा नोंदवा. चालकाच्या कौशल्यापेक्षा वस्तूच जिंकून देतेय असं दिसलं तर बंदी, नाहीतर पुढच्या हंगामापासून खुली.

वारेमाप:
ठरवणार कोण? जे जुन्या गाड्या घेऊन जिंकतायत तेच ना?

सुतारपक्षी:
हा प्रश्न रास्त आहे, पंच, याचं उत्तर द्या. आणि सगळे शीड-काठीवर भांडताय, टायरचं कुणीच बोलत नाही. कडक तळ्यावर अरुंद टायर पळतो, ओल्या मऊ वाळूत तोच रुततो. चाकांचे दोन-तीन संच गाडीत घालून आणणाऱ्याला आपण नियमात धरतो की तयारीत? मी तर म्हणतो, सकाळी एकदा लावलेली चाकं दिवसभर बदलायची नाहीत. कार्बन बंद करण्यापेक्षा यानेच जास्त फरक पडेल.