मदत हवी आहे: कुमुदिनी तळ्यापर्यंतची वाट आईला झेपेल का?

येत्या रविवारी आईला (वय ६४) घेऊन साताऱ्याजवळच्या कास पठारावर पायी फिरायला जायचंय. सपाटीवर ती दोन तास आरामात चालते, पण उतार लागला की डावा गुडघा धरतो. अजिंक्यतारा डांबरी रस्त्याने छान झाला. सज्जनगड उतरताना मात्र दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून थांबत होती, म्हणून वासोटा बादच. तिला गर्दी नको, मोकळा वारा हवा.

फुलांचा हंगाम संपल्यावर पठारावरून कुमुदिनी तळ्याकडे जाणारा राजमार्ग (जुनी वाट) चालायला खुला असतो का? सैल दगड, चढउतार कितपत आहेत? गाडी नाही, साताऱ्याहून बामणोलीची एसटी पकडणार. नुकतंच कुणी गेलं असेल तर सांगा, परतीची शेवटची एसटी कासला किती वाजता मिळते?